मेथीचं चिलखत

१९८७ ते ९१ या काळात जळगावात परग्रहावरची सात माणसं राहत होती. त्यांतला एक मी. सरकारदरबारी याची नोंद नाही, कारण आठवड्याचे सहा दिवस आम्ही आपापल्या कामधंद्यात असायचो आणि परग्रहावर फक्त रविवारी जायचो. मी तार ऑफिसात होतो. तिथं आलेल्या मजकुरातलं एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी मेमो मिळायचा. त्यामुळं मजकूर सुधारायची जी काय हौस होती ती मी ऑफिसाबाहेर भागवायचो. हे मुद्दाम आधीच सांगून ठेवतो.

आमच्या या मंडळाचा अध्यक्ष रुपचंद. रेल्वे फाटकाजवळ त्याचं रद्दीचं दुकान होतं. एकदा रद्दीत त्याला एक परदेशी मासिक सापडलं. त्यात डोक्यापासून पायापर्यंत रुपेरी चिलखतात बंद झालेल्या माणसांची चित्रं होती. मागं काळंभोर आभाळ आणि त्यात दोन चंद्र. मजकूर कुणालाच कळला नाही, त्यामुळं त्यावरून मतभेदही झाले नाहीत. रुपचंदनं ते मासिक देवाच्या फोटोशेजारी खिळ्याला अडकवलं आणि आम्हाला म्हणाला, "हे आपण करायचं."

"कशासाठी?" मी विचारलं.

"कशासाठी म्हणजे? घालायला!"



पहिल्या वर्षी आम्ही गोडेतेलाचे डबे कापून चिलखतं केली. गणपतीच्या मिरवणुकीत सहाजण एका रांगेत चाललो, तर बँडवाल्यांनी तक्रार केली की यांच्या पायांपुढं आमचं वाजवणं ऐकू येत नाही. शिवाय त्यात खाली बसता येत नव्हतं. भर रस्त्यात एकाला लघवीला लागली आणि मंडळाची पहिली तातडीची सभा तिथंच उभ्या उभ्या भरली.

ती मिरवणूक बघायला गर्दीत अभिमन उभा होता. धुळ्यात एका वर्कशॉपात तो ट्रकच्या बॉड्या रंगवायचा आणि त्या दिवशी ट्रकबरोबर जळगावला आला होता. चोवीस-पंचवीसचा, काटकुळा, बोटांच्या पेरांत कायम हिरवा नाहीतर भगवा रंग. मिरवणूक संपल्यावर तो माझ्याजवळ आला, पत्र्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "भाऊ, हे डबडं आहे. आमची माय याच्यापेक्षा चांगली टोपली करते."

आम्ही आधी रागावलो आणि मग त्याला सभासद करून घेतलं. धुळे शाखेचा अध्यक्ष, चिटणीस आणि एकमेव सभासद तोच. त्या शाखेत कधी भांडण झालं नाही.

टोपलीचं त्याचं म्हणणं खरं होतं. दोंडाईच्याच्या अलीकडं त्यांचं गाव. त्याची आई ताईबाई रद्दी कागद भिजवून, कुटून, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची आणि त्या लगद्याच्या टोपल्या थापायची. मेथीनं लगदा चिकट होतो आणि वाळल्यावर त्याला कीड लागत नाही. अभिमननं तोच लगदा माणसावर थापला. ज्याचं चिलखत करायचं त्याला तेल चोळून, अंगाला ओलं फडकं गुंडाळून उन्हात उभं करायचं आणि वरून थर द्यायचे. आमच्याकडच्या उन्हाचा असा सदुपयोग कुणी केला नसेल. सकाळी माणूस उभा केला की दुपारी कडक वाजायचा. मग पाठीवर उभा छेद देऊन त्याला बाहेर काढायचं आणि छेदाला नाडी ओवायची. वरून ट्रकचा रुपेरी रंग. तोंडावर काच म्हणून रुपचंदच्या रद्दीत आलेली एक्स-रेची फिल्म. मला तर जग कायम कुणाच्या तरी बरगड्यांतून दिसायचं.

अभिमनचं चिलखत त्याच्या आईनं घरी अंगणात थापलं. टोपलीच्या काठाला ती तीन बोटं दाबून नक्षी उठवायची, ती हातासरशी तिनं चिलखताच्या खांद्यालाही उठवली. आणि अभिमननंही सवयीनं पाठीवर लाल अक्षरांत लिहून टाकलं, 'अंतर ठेवा'.

"अरे, परग्रहावरचा माणूस असं लिहील का?" रुपचंद वैतागला.

"का, तिथं ब्रेक लागत नसतील का?" अभिमन म्हणाला.

मंडळाचे नियम दोनच. एक, ज्याचं चिलखत त्यानंच घालायचं, कारण ते दुसऱ्याला बसतच नाही. दोन, मिरवणुकीत शिरस्त्राण काढायचं नाही आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. आत कोण आहे ते लोकांना कळता कामा नये. कळलं की तो तार ऑफिसातला लीलाधर होतो, आणि त्याला बघायला कोण रस्त्यावर येईल?

"तुझे वडील येतात का रे बघायला?" मी एकदा अभिमनला विचारलं.

"आबा?" तो हसला. "आबा बैलबाजाराच्या पुढं कुठं जात नाहीत. घरी चिलखत टांगलेलं असतं ना, त्याला बुजगावणं म्हणतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, देखा मना पोऱ्यानं बुजगावनं." तो हे हसत सांगायचा. पण दर वेळी सांगायचा.

नव्वद सालच्या गणपतीत माझ्या चिलखताची पोटरी घुशीनं खाल्ली. लगद्यात मेथी घालायचा मी कंटाळा केला होता, त्याचं फळ. त्याच वेळी अभिमनला वर्कशॉपातून सुट्टी मिळेना. त्यानं घरून आधीच धुळ्याला आणून ठेवलेलं आपलं चिलखत एसटीच्या टपावर घालून कंडक्टरबरोबर पाठवून दिलं. सोबत चिठ्ठी होती: 'लीलाधरभाऊ, यंदा तुम्ही घाला. नाडी फार आवळू नका, पोटाशी फाटेल. मी दुसऱ्या दिवशी सकाळी येतो.'

असा आमचा पहिला नियम मोडला.

मिरवणूक भर दुपारी बाजारातून निघाली. मी अभिमनच्या अंगात होतो आणि ते मला खांद्यात काचत होतं. शिरस्त्राण मात्र ढिलं होतं, प्रत्येक पावलाला पुढं झुकायचं. एका वळणावर गर्दीतून एक म्हातारा बाहेर आला. पांढरी टोपी, धोतर, खांद्यावर उपरणं. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच होतं. कानाशी तोंड आणून तो म्हणाला, "वाघ शे मना पोऱ्या, वाघ! मी तुले नावं ठेवात, ते मनमा धरू नको. घर येत जाय."

मी नियमाप्रमाणं गप्प राहिलो. शिरस्त्राण आपोआप पुढं झुकलं. म्हातारा उपरण्यानं तोंड पुसत गर्दीत गेला.

मला वाटलं, असेल कुणी भाबडा. त्याचा मुलगा कुठल्यातरी मंडळात असेल आणि चिलखताखाली तोच आहे असं त्याला वाटलं असेल. मला त्यात फक्त किस्सा दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपचंदच्या दुकानात चहाला सगळे जमले. अभिमनही धुळ्याहून पोचला होता. मी किस्सा सांगायला घेतला आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की आहे तसा सांगितला तर कुणी हसणार नाही. कुणीतरी कुणाला वाघ म्हटलं, यात हसायचं काय? म्हणून मी तो जरा सुधारला. अभिमनच्याच तोंडून ऐकलेला शब्द जिभेवर होता, तो घातला. आवाज काढून, मान हलवून म्हणालो, "एक म्हातारा आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला नि म्हणतो कसा, बुजगावनं शे हाई, बुजगावनं! वावरमा उभं कर, डुकरं तरी पयतीन!"

सगळे पोट धरून हसले. रुपचंदच्या नाकातून चहा आला.

अभिमन हसला नाही. त्यानं विचारलं, "म्हातारा कसा होता, भाऊ?"

"म्हाताऱ्यासारखा."

"हात पाहिला का त्याचा?"

"पाहिला ना. एक बोट अर्धं होतं."

अभिमननं कप खाली ठेवला. "बरं," म्हणाला. मग उठून त्यानं चिलखताचा खांदा बघितला, कुठं चीर गेलीय का ते तपासलं, पोत्यात भरलं आणि अकराच्या गाडीनं धुळ्याला निघून गेला. आम्हाला वाटलं, कामाची घाई असेल. चिलखत फाटलं म्हणून रुसला असेल असंही एकजण म्हणाला. ते फाटलं नव्हतं.

त्यानंतर तो दोन-तीनदा आला. काम करायचा, लगदा कालवायचा, पण आबांचं बुजगावण्याचं त्यानं परत कधी सांगितलं नाही. दिवाळीत तो घरी न जाता रुपचंदच्या दुकानात येऊन राहिला. चिलखतही पोत्यासकट तिथंच ठेवून गेला. पौषात त्याला कावीळ झाली. आम्हाला कळलं तेव्हा तो धुळ्याला दवाखान्यात होता, आणि मी रविवारी जायचं ठरवलं. शनिवारी ऑफिसात माझ्याच हाताखालून धुळ्याची तार गेली, रुपचंदच्या नावाची. त्यात चार शब्द होते. ते मी बरोबर उतरवून घेतले.

होळीच्या आठ दिवस आधी एक म्हातारा रुपचंदच्या दुकानात येऊन टेकला. मी तिथंच होतो.

"राम राम. मी वना. अभिमनना बाप."

रुपचंदनं घाईघाईनं रद्दीचा एक गठ्ठा पुढं सरकवला, बसायला. म्हाताऱ्यानं तो हातानं झाडला. करंगळीशेजारचं बोट अर्धं होतं.

मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो आणि माठाजवळ नुसताच उभा राहिलो.

वनाआबा बोलायला लागले. "तुमले एक सांगस. गनपतीले मी आठे येल व्हतू. कोनले सांगं नही. घरमा सांगं, पाचोराले बैल देखाले चालनू. पोऱ्याले वयखं मी. इतली गर्दी, पन वयखं. खांदावर त्यानी मायना बोटं शेतस ना, तेवरतून." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "त्याले सांगं मी जे सांगानं व्हतं ते. त्यानी मान बी हालाई."



"मंग दिवाईले का बरं ऊना नही तो?"

रुपचंदनं माझ्याकडं पाहिलं. त्याला गणपतीतला तो सकाळचा चहा आठवला आणि सगळं जुळलं, हे मला दिसलं. मी म्हणालो, "दिवाळीत ट्रकवाल्यांची गर्दी असते, आबा. पूजेच्या आधी रंग पाहिजे असतो सगळ्यांना."

"हां. आसी." म्हाताऱ्याला ते पटलं नाही, पण चाललं. "मना डोयासमोर गया तो. पन सुध नव्हती त्याले. दवाखानामा मी कानमा सांगं, पन सुध नव्हती. मी म्हनं जाऊ दे, गनपतीले सांगेल शे आपन. तेवढं बरं झायं."

मग त्यांनी कामाचं सांगितलं. त्यांच्या गावाकडं धुळवडीला वीर काढतात. घरातलं कुणी वेळेआधी गेलं तर घरचा एकजण नटतो, हातात नारळ घेतो आणि वाजतगाजत होळीपर्यंत जातो, राखेला पाच फेऱ्या घालतो. जो वीर होतो त्यानं वाटेत बोलायचं नसतं. वनाआबांना अभिमनचा वीर काढायचा होता, आणि तो चिलखतातच. पण घरात ते कुणाच्या अंगाला बसणार? आबांच्या थोरल्या भावाची पोरं दांडगी.

"तुमनामा कोनले बसई ते?"

"लीलाधरला," रुपचंद म्हणाला. त्यानं एवढंच म्हटलं, पण माझ्याकडं न बघता म्हटलं.

धुळवडीच्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी निघालो. शिरस्त्राण मांडीवर होतं. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट काढू का?" एरवी मी याला उत्तर दिलं असतं. धुळ्यात गाडी बदलली. वाटेत मी एक ठरवलं, मग ते बदललं, मग परत तेच ठरवलं.

अंगणात ताईबाई बसल्या होत्या. त्यांनी पोतं उघडलं, चिलखत बाहेर काढलं, आणि खांद्यावरच्या तीन खळग्यांत आपली तीन बोटं ठेवून पाहिली. ती अजून बसत होती. भाऊबंद ओट्यावर कुजबुजत होते की वीर घरचा पाहिजे, हा कोण जळगावचा? वनाआबा म्हणाले, "मापना मानूस तोच शे. दुसरा कोठून आनू?"

मी चिलखतात शिरलो. पाठीवर नाडी ओवायला ताईबाई मागं उभ्या राहिल्या. आत अजून मेथीचा वास होता, आणि टर्पेंटाइनचा. डाव्या बगलेशी अभिमनचा खांदा थोडा उतरता होता, तेवढी जागा माझ्या अंगापासून रिकामी राहिली.

"आबा," मी म्हणालो, "शिरस्त्राण चढवायच्या आधी एक सांगायचंय."

"सांगा ना भाऊ."

"गणपतीत याच्यात अभिमन नव्हता. मी होतो."

ताईबाईंचे हात थांबले.

मी सगळं सांगितलं. सुट्टी मिळाली नाही ते, टपावरून चिलखत आलं ते. मान मी हलवली नाही, शिरस्त्राण ढिलं होतं तेही. मग चहाचं सांगितलं. वाघाच्या जागी मी कोणता शब्द घातला ते सांगताना मला तो शब्द त्यांच्यासमोर पुन्हा उच्चारावा लागला. आणि अभिमननं हाताबद्दल विचारलं ते. मी कुठं थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी चांगलं दिसेल असं जोडलं असतं.

वनाआबा ओट्याच्या कडेला बसले. आपल्या अर्ध्या बोटाकडं बघत राहिले.

"म्हंजे त्याले आसं वाटनं," ते शेवटी म्हणाले, "मी बैल देखाना निमित्त करीसन, इतला लांब जाईसन, चार लोकसमा त्याले बुजगावनं म्हनाले गयथू."

"हो, आबा."

"आनि तो मरी गया."

"हो."

मला वाटलं, आता ते मला मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.  मग मला जाणवलं, की ताईबाई पुन्हा नाडी ओवू लागल्या आहेत. एकेक भोक, सावकाश. पोटाशी फाटेल म्हणून त्यांनी आवळली मात्र नाही.

वनाआबा उठले. शिरस्त्राण त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. जग पुन्हा बरगड्यांच्या आड गेलं. त्या बरगड्यांमागून त्यांचा चेहरा जवळ आला.

"तू तारमास्तर शे ना?"

मी मान हलवली. या वेळी मी स्वतः हलवली.

"मंग मी सांगस ते ऐक. तठे राखजोडे गया का, जसं सांगं तसंच सांग त्याले. एक शब्द वर नको, एक शब्द कमी नको."

आणि त्यांनी सांगितलं, "वाघ शे तू. मी त्या गनपतीले तुले बुजगावनं म्हनेल नही. घरमा म्हने ते खरं शे. घरमा म्हने ते मी चुकनू. तुनी मायनी यंदाबी मेथी भिजाडी, पन टोपल्या कया नहीत. बस."

डफ वाजायला लागला. नारळ हातात घेऊन मी निघालो. गल्लीतल्या बायांनी पायांवर पाणी ओतलं. पोरं पाठीवरचं 'अंतर ठेवा' मोठ्यानं वाचत मागून येत होती, आणि अंतर काही ठेवत नव्हती. मला काही दिसत नव्हतं आणि मी काही ऐकतही नव्हतो. मी आतल्या आत ते शब्द घोकत होतो. बत्तीस वर्षं तार ऑफिसात काढली, हजारो तारा पाठवल्या. लोकांच्या लग्नाच्या, बाळंतपणाच्या, मेल्याच्या. एकीचाही शब्द विसरेन अशी भीती मला कधी वाटली नव्हती. त्या दोनशे पावलांत वाटली.

होळीची राख कोमट होती. मी पाच फेऱ्या घातल्या. मग वाकलो, शिरस्त्राण राखेच्या अगदी जवळ नेलं आणि वीरानं बोलायचं नसतं तरी बोललो. माझी अहिराणी कच्ची. तरी 'वाघ शे तू'पासून 'बस'पर्यंत सगळं, वनाआबा जिथं थांबले तिथं थांबून, सांगितलं. शेवटी मलाही त्याला काही सांगायचं होतं. ते मी सांगितलं नाही. ती तार माझी नव्हती.

ताठ झालो तेव्हा वनाआबा शेजारीच उभे होते.

"सांगं?"

"सांगितलं."

"काही जोडं तर नही ना?"

"नाही, आबा."

त्यांनी माझ्या हातातला नारळ घेतला, दगडावर फोडला आणि पाणी राखेवर सोडलं. राखेतून थोडी वाफ आली. मग दुसरा हात माझ्या खांद्यावर, ताईबाईंच्या बोटांच्या खळग्यांवर, त्यांनी ठेवला, आणि आम्ही दोघं तसेच घराकडं परतलो.